‘थंडी ओसरू द्या’ म्हणणाऱ्यांस

ग्वाल्हेरच्या मराठी वस्तीत दरसाल डिसेंबरच्या उत्तरार्धात एक वाक्य कानांवर पडू लागते. ‘घाई कशाला? थंडी ओसरू द्या, मग लावू कांदा.’ हे वाक्य बोलणारी माणसे वयाने वडील, स्वभावाने सौम्य आणि बहुधा शाल पांघरलेली असतात. त्यामुळे त्यांचा प्रतिवाद करणे सभ्यपणाचे वाटत नाही. आम्हीही पुष्कळ वर्षे तो केला नाही. परंतु ह्या एका वाक्याने किती परसांतला कांदा बुडविला ह्याचा हिशेब मनाशी मांडला, तेव्हा सभ्यपणा पुरे झाला असे आम्हांस वाटले. म्हणून हा लेख. ज्यांना उद्देशून तो लिहिला आहे त्या मंडळींना सोयीसाठी आम्ही ‘थांबा-पक्ष’ म्हणणार आहो. त्यांनी राग मानू नये. ह्या पक्षात आम्ही स्वतःही होतो, आणि त्याची किंमत मोजूनच बाहेर पडलो.

वाद कशाचा आहे, हे दूरच्या वाचकांस आधी सांगितले पाहिजे. गोव्यात भात कापून शेते मोकळी झाली की त्यांत कांद्याची रोपे जातात आणि उन्हाळ्यात त्याच कांद्याच्या माळी पुरुमेंताच्या बाजारात येतात. मधल्या काळात हिवाने पीक जाईल अशी भीती तिकडे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. पणजीस जानेवारीची रात्र वीस अंशांच्या आसपास असते. ग्वाल्हेरात त्या महिन्यातल्या रात्रीची सरासरीच सात अंशांच्या घरात जाते, आणि वाईट रात्री पारा दोन-तीन अंशांवर येऊन बसतो. शिवाय ही थंडी एकदा येऊन गेली असे होत नाही. पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली वादळे इराण-अफगाणिस्तानावरून इकडे येतात. दोन दिवस आभाळ भरते, मावठ पडते, आणि ढग हटले म्हणजे निरभ्र रात्री जमिनीतली ऊब सरळ आकाशात निघून जाते. मग उत्तरेचा वारा सुटतो आणि पहाटे पानांवर पाला दिसतो. असा शेवटचा तडाखा जानेवारीच्या अखेरीस, कधी फेब्रुवारी लागल्यावरही बसतो. प्रश्न एवढाच आहे की, कांद्याचे रोप ह्या तडाख्याच्या आधी वाफ्यात जावे की नंतर.

थांबा-पक्ष म्हणतो, नंतर. आम्ही म्हणतो, आधी. आणि चांगले तीन-चार आठवडे आधी.

त्यांचा पहिला मुद्दा दयेचा आहे. कोवळे रोप, कालच उपटलेले, मुळे उघडी पडलेली. त्यास असल्या थंडीत नव्या मातीत कसे ढकलावे? ह्या मुद्द्यात एक अंश खरा आहे, आणि तो आम्ही प्रथमच मान्य करून टाकतो. तडाख्याच्या आदल्या दिवशी लावलेले रोप खरोखरच कष्टी होते. त्याची जुनी मुळे उपटताना तुटलेली असतात, नवी फुटलेली नसतात, गार मातीतून पाणी ओढता येत नाही, आणि वर कोरडा वारा पानांतले पाणी पळवीत असतो. अशा रोपाचे शेंडे पिवळे पडतात, काही रोपे मरतातही. परंतु ह्यावरून काय निष्पन्न होते? लावणी आठ-दहा दिवस अगोदर करावयास हवी होती, हे. मूळ धरावयास तेवढे दिवस पुरतात. आणि मूळ धरलेला कांदा मोठा चिवट असतो. तो काही टोमॅटो नव्हे की एका पाल्याने काळा पडावा. पाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात जाऊन पाहावे : पात मान टाकून आडवी झालेली असते, आणि दहा वाजता ऊन चढले की तीच पुन्हा उभी राहते. थंडीत त्याची वाढ जवळजवळ थांबते, हे खरे. पण थांबलेले रोप आणि मेलेले रोप ह्यांत फरक आहे.

दयेच्या ह्या मुद्द्याचे खरे उत्तर मात्र आम्हांस कोणत्याही ग्रंथात सापडले नाही. ते एका काछिणीने दिले. शहराबाहेर भाजीपाला पिकविणारी ही काछी मंडळी (आता ती कुशवाह म्हणवितात) आम्हां मराठ्यांच्या आधीपासून ह्या मातीत आहेत. आम्ही तिच्याकडे रोपे घ्यावयास गेलो होतो. जानेवारीचे पहिले दिवस होते. रोपे पाहिली, भाव ठरला, आणि मग आम्ही आमच्या पक्षाच्या शिकवणीप्रमाणे म्हणालो की, ही आणखी तीन-चार आठवडे तुमच्याकडेच राहू द्या, थंडी जाऊ द्या, मग नेऊ. ती खुरपे बाजूला ठेवून आमच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘बाबूजी, ठंड क्या यहाँ नहीं लगती इन्हें?’’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. थांबा-पक्षापाशीही नाही. जे रोप वाफ्यात थंडीला भिईल म्हणून आपण लावीत नाही, ते रोपवाटिकेत तरी कोठल्या कोठीच्या खोलीत निजलेले असते? त्याच आकाशाखाली, त्याच पाल्यात ते उभे असते. फक्त दाटीने, एकमेकांच्या अंगावर, अपुऱ्या मातीत. म्हणजे थांबल्याने रोप थंडीतून वाचत नाही. ते वाचते केवळ मोकळ्या मातीपासून! थंडी ते पुरेपूर खाते, आणि त्या थंडीच्या दिवसांत मूळ पसरण्याचे जे काम मुकाट्याने व्हावयाचे ते मात्र होत नाही. मग फेब्रुवारीत आपण ते म्हातारे रोप उपटतो, त्याची गुंतलेली मुळे तोडतो, आणि ऐन वाढीच्या दिवसांत त्यास पुन्हा पंधरा दिवस आजारी पाडतो. ह्यास दया म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा.

आता दुसरा मुद्दा. हा अधिक जाणत्या लोकांचा आहे आणि त्यास अधिक जागा दिली पाहिजे. ते म्हणतात, थंडी खाल्लेल्या कांद्याला डेंगळे येतात. गोंड्याचा दांडा एकदा वर आला की कांदा पोसत नाही; मधोमध लाकडासारखा दांडा राहतो, आणि असा कांदा टिकत नाही. हे अक्षरशः खरे आहे. कांदा हे मुळात दोन वर्षांचे झाड. पहिल्या वर्षी ते गड्डा करते, मधला हिवाळा काढते, आणि दुसऱ्या वर्षी फुलते. हिवाळा झाला की नाही हे ते थंडीवरून ओळखते. सुमारे दहा अंशांखालच्या रात्री ओळीने काही आठवडे अंगावरून गेल्या म्हणजे त्याची समजूत होते की, वर्ष संपले, आता फुलावयाचे.

पण ही समजूत कोणत्या रोपाची होते? येथेच थांबा-पक्षाची गफलत आहे. अगदी कोवळ्या रोपास ही थंडी मोजताच येत नाही. बाळास जसा वर्षांचा हिशेब नसतो तसाच त्यासही नसतो. रोपाची मान एका विशिष्ट जाडीपलीकडे गेली, ढोबळ मानाने शिसपेन्सिलीएवढी झाली, म्हणजे मग ते थंडीची नोंद ठेवू लागते. त्याहून बारीक रोप जानेवारीभर कुडकुडले तरी फुलावयाचे मनात आणीत नाही. म्हणून प्रश्न लावणीच्या तारखेचा नसून रोपाच्या वयाचा आणि जाडीचा आहे. ऑक्टोबर संपता संपता किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बी टाकले, सात-आठ आठवड्यांचे, वीतभर उंचीचे, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचे रोप डिसेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत लावले, तर ते सबंध थंडी बारीकच राहते. कारण थंडीत ते वाढतच नाही. थंडीच त्यास थंडीपासून राखते, असे म्हटले तरी चालेल. उलट सप्टेंबरात बी टाकून बसलेले, अंगठ्याएवढ्या मानेचे रोप तुम्ही थंडीआधी लावा की नंतर लावा, त्याने आपला निकाल रोपवाटिकेतच लावून ठेवलेला असतो. एप्रिलमध्ये वाफाभर पांढरे गोंडे डोलताना दिसतात, आणि गृहस्थ म्हणतात, ‘पाहा, यंदा थंडीने घात केला.’ घात थंडीने केलेला नसतो. रोपे विकत घेताना जाड जुडी चाचपून पाहणाऱ्या हाताने तो केलेला असतो.

ह्या हाताविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आम्हां मराठी कुटुंबांत जाडपणास उगीचच प्रतिष्ठा आहे. बाळ जाड हवे, वांगे जाड हवे, आणि कांद्याचे रोपही जाडच हवे. बाजारात रोपे विकणारास हे पक्के ठाऊक असते. तो शिल्लक राहिलेली, दहा-अकरा आठवड्यांची जुनी रोपे वरच्या जुड्यांत बांधतो आणि ‘तगडी पौध है’ म्हणून दोन रुपये अधिक घेतो. बारीक, हिरवी, सरळ मानेची रोपे खाली दबलेली असतात; ती मागून घ्यावी लागतात. एवढी एक सवय बदलली तरी डेंगळ्यांची निम्मी तक्रार मिटेल. आणखी एक : खरिपासाठी असलेले गर्द लाल कांद्याचे बी रब्बीत टाकू नये. त्याचा स्वभावच वेगळा. थंडीत ते अधिक डेंगळे आणि अधिक जोडकांदे देते. रब्बीसाठी अ‍ॅग्रिफाउंड लाइट रेड, पुसा रेड, किंवा निफाडचे नाव धारण करणारे एन-२-४-१ असे निवडून काढलेले वाण आहेत. बीही त्याच वर्षीचे हवे. कांद्याचे बी गव्हासारखे वर्षानुवर्षे टिकत नाही, दुसऱ्या वर्षी त्याची उगवण झपाट्याने घसरते. हे सारे ठाऊक असून आम्ही त्याविषयी बोलत नाही, आणि थंडीस मात्र शिव्या देतो.

थांबल्याने काय बुडते, हे आता सांगितले पाहिजे. कारण थांबा-पक्षाची अशी प्रामाणिक समजूत आहे की, महिनाभर उशिरा लावले तर कांदा महिनाभर उशिरा निघेल, एवढेच. तसे असते तर आम्ही हा लेख लिहिलाच नसता. कांदा आपल्या वयाकडे पाहून गड्डा धरीत नाही, दिवसाच्या लांबीकडे पाहून धरतो. आपल्याकडच्या वाणांना साधारण साडेअकरा-बारा तासांचा दिवस झाला आणि ऊब वाढली की गड्डा धरण्याची आज्ञा मिळते. ग्वाल्हेरात एक जानेवारीस दिवस साडेदहा तासांचा असतो. मार्चमध्ये तो बारा तासांवर जातो. त्या वेळी रोप लहान आहे की मोठे, हे सूर्य विचारीत नाही. हातात जेवढी पात असेल तेवढ्यावर कांदा कामाला लागतो. आणि कांद्याचा प्रत्येक पदर म्हणजे एकेका पानाचा फुगलेला बुडखा होय. मार्चपर्यंत जितकी पाने आली असतील तितकेच पदर. डिसेंबरअखेर लावलेल्या रोपाने मूळ पसरून ठेवलेले असते, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यास ऊब येताच ते भराभर पाने काढते. फेब्रुवारीत लावलेले रोप त्याच वेळी मुळाशी झगडत असते. चार पानांवर त्यास आज्ञा पोहोचते, आणि ते बिचारे चार पदरांची सुपारी करून मोकळे होते. पुढे एप्रिलअखेर चाळीस अंशांचे ऊन येते, लू सुटते, माना पडतात, आणि हंगाम संपतो. महिनाभर पुढे ढकलावयास पुढे महिना असतोच कोठे?

आम्ही थांबा-पक्षात होतो त्या वर्षी रथसप्तमी उलटल्यावर कांदा लावला. मे महिन्यात काढणी झाली. आमच्या आत्याने सुपात घेऊन ते पाहिले, एक उचलून नखाने सोलला, आणि म्हणाली, ‘‘अरे, हे कांदे म्हणायचे की आवळे?’’ दोन वाफ्यांतून सूपभर चिंगळी निघाली होती. कांदेनवमीपर्यंत पुरेल अशी आमची कल्पना होती. वटपौर्णिमेच्या आतच ती संपली. आत्या पुढे काही बोलली नाही, पण आषाढात नवमीस भजी तळताना तिने बाजारचा कांदा चिरला तो आमच्या समोर बसून, मुद्दाम सावकाश.

हा हिशेब केवळ सूपभर कांद्यांचा असता तर सोसता आला असता. परंतु लष्करातल्या जुन्या वाड्यांचे पुढे काय होत आहे ते सर्वांना दिसते आहे. दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती हे गाव वसले, तेव्हा वाड्यामागे विहीर आणि विहिरीमागे परस ही जोडी ठरलेली होती. वाड्यांच्या जागी मजले उठले. परस आकसत आकसत दोन-चार वाफ्यांवर आले. अशा घरात शेतकरी नसतो. तेथे एक हौस असते आणि ती फार थोड्या भांडवलावर जगते. एक हंगाम फसला तर ती तग धरते, दोन फसले तर हिरमुसते; आणि तिसरा फसला म्हणजे गवंडी येतो. आमच्या परिचयाच्या एका घरी असेच झाले. तीन वर्षे थंडी ओसरण्याची वाट पाहिली, तीन वर्षे चिंगळी निघाली, आणि चौथ्या वर्षी त्या जागी फरशी बसली. गृहस्थ आम्हांस ती चकचकीत फरशी दाखवून म्हणाले, ‘‘काय करणार? ही माती मुळी कांद्याची नव्हेच.’’ तेथून सायकलीने अर्ध्या तासाच्या वाटेवर त्याच मातीत काछ्यांचा कांदा मुठीएवढा होत होता. मातीवर असा खोटा आळ घालून ती कायमची बुजवून टाकणे, हा आमच्या मते लहान अपराध नव्हे.

मग हे थांबण्याचे खूळ आले कोठून? आमचा कयास आहे की, ते दोन वाटांनी आले. पहिली वाट छापील पुस्तकांची. आमच्या घरांतील बागकामाची मराठी पुस्तके पुण्या-मुंबईकडे छापलेली. त्यांत एक वाक्य नेहमी आढळते : थंडीची लाट असल्यास लावणी पुढे ढकलावी. वाक्य चुकीचे नाही. पुण्यास किंवा नाशकाकडे लाट येते ती चार-सहा दिवसांची. तेवढे थांबल्याने काही बिघडत नाही. (थंडी तिकडेही कडक पडते, निफाडचा पारा हिवाळ्यात कधी कधी ग्वाल्हेरास लाजवितो. पण तो लवकर वर चढतो.) तेच वाक्य ग्वाल्हेरात वाचले म्हणजे काय होते? येथे लाटेमागून लाट येते. तिच्या मागे धुके, धुक्यामागे मावठ, मावठीमागे पुन्हा लाट. जो ‘लाट जाऊ द्या’ म्हणून बसला, तो महाशिवरात्रीपर्यंत बसला. लेखकाने तिकडचे लिहिले, त्याचा दोष नाही, दोष आमचा. दोनशे वर्षे येथे राहून, येथले पाणी पिऊन, आम्ही परसातला कांदा मात्र पुण्याच्या पंचाहवालावर लावतो, आणि भिंतीपलीकडच्या काछिणीस विचारीत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आमच्या बांधवांनी आपापल्या परसात डोकावून पाहावे. तेथील हवा वेगळी, तेथील तारखा वेगळ्या निघतील. आमच्या तारखा त्यांनी उचलू नयेत. पण तेथेही पुण्याचे पान उघडून बसलेले कोणी आढळेल, अशी आम्हांस खात्री आहे.

दुसरी वाट पंचांगाची. पौषात नवे काही करू नये, हा संस्कार. लग्न नाही, मुंज नाही, मग रोप तरी कशास लावा? ह्यावर वाद घालण्यात आम्हांस गोडी नाही. उपटलेल्या रोपाची दुसऱ्या वाफ्यात लावणी हा शुभारंभ आहे की केवळ बिऱ्हाड बदलणे, हे शास्त्रीबुवांनी ठरवावे. मात्र पंचांगातला एक घोटाळा सांगण्याजोगा आहे. कारण त्याने आम्हांस स्वतःस एकदा फसविले. काछीण म्हणाली होती, ‘पूस लगते ही लगा दो.’ आम्ही घरी येऊन कालनिर्णय पाहिले, पौष केव्हा लागतो ते बघितले, आणि त्याप्रमाणे निवांत राहिलो. पण उत्तरेकडे महिना पौर्णिमेस संपतो, आपला अमावास्येस. आपला मार्गशीर्षातला वद्य पक्ष म्हणजेच तिचा पूस. ती बोलली त्यापेक्षा आम्ही नेमके पंधरा दिवस मागे पडलो होतो, आणि तेही पंचांग उघडून!

खरे पाहता चांद्र महिना परसबागेस उपयोगाचाच नाही. चंपाषष्ठीस आमच्या घरी चातुर्मासानंतरचा कांदा पुन्हा पानात येतो. वांग्याचे भरीत, रोडगे, पातीचा कांदा असा त्या दिवसाचा थाट असतो. त्या दिवशी रोपवाटिकेतली बोट-दोन बोट उंचीची हिरवी पाती पाहून लावणीचा विचार सुचणे स्वाभाविक आहे. पण ही षष्ठी २०२३ साली १८ डिसेंबरला आली आणि २०२५ साली २६ नोव्हेंबरला. तीन आठवड्यांचा फरक! तिच्या आधाराने बी टाकणारा एका वर्षी तरणार आणि दुसऱ्या वर्षी बुडणार. थंडी चंद्रास ओळखत नाही. ती सूर्याच्या मागे चालते, आणि कांदाही सूर्याकडेच पाहतो. आमच्या सणांत सूर्याचा पक्का सण एकच, मकरसंक्रांत. तिळगूळ वाटण्यास बाहेर पडण्यापूर्वी दोन आठवडे कांदा मातीत गेलेला असावा, म्हणजे संक्रांतीपर्यंत त्याने मूळ धरलेले असते आणि पुढचा तडाखा त्यास उभ्याने घेता येतो. आमच्या तारखा ह्या अशा आल्या आहेत. त्यांत विद्वत्ता काही नाही.

एक शेवटचा आक्षेप राहिला. तो थांबा-पक्षाचा नसून बाजार-पक्षाचा आहे. कांदा कोपऱ्यावर मिळतो, मग ही उठाठेव कशाला? ह्यास उत्तर लांबवीत नाही. २०१९ च्या डिसेंबरात अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांवर गेलेला कांदा आम्ही विकत घेतला आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यात बंद झाली आणि ४ मे २०२४ रोजी उघडली, तेव्हा नाशिककडचा शेतकरी काय म्हणत होता तेही ऐकले आहे. दोन वाफ्यांच्या कांद्याने ह्यांतले काहीही बदलणार नाही. परंतु मे महिन्यात पात वाळवून, वेण्या घालून माजघराच्या खुंटीला टांगलेला कांदा आषाढापर्यंत पुरतो, आणि त्या घरातील मुलास कांदा कसा होतो हे पुस्तकात पाहावे लागत नाही. ज्यांना हे पुरेसे कारण वाटत नाही त्यांनी कोपऱ्यावर जावे; त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

काम करावयाचे ते असे. वाफा सपाट, चांगले कुजलेले शेणखत घातलेला, पाणी न तुंबणारा असावा. रोपवाटिकेस आदल्या दिवशी पाणी द्यावे, म्हणजे मुळे कमी तुटतात. पेन्सिलीहून जाड झालेली रोपे बाजूस काढावी. त्यांची पातभाजी उत्तम होते. पात लांब असेल तर शेंड्याकडची तिसरा हिस्सा कापावी. दोन ओळींत वीतभराहून थोडे कमी, दोन रोपांत चार बोटे अंतर राखावे. रोप खोल गाडू नये. बोटाच्या एका पेराएवढे पुरे. खोल गाडलेला कांदा लांबुडका होतो. लागलीच पाणी, आणि तीन-चार दिवसांनी आंबवणी. मग मावठ आली तर ती आपलीच. न आली आणि आभाळ निवळून वारा पडला, तर त्या संध्याकाळी हलके पाणी द्यावे. ओली माती दिवसाची ऊब कोरडीपेक्षा अधिक साठविते आणि रात्री हळूहळू सोडते. पहाटे वाऱ्याच्या बाजूस पालापाचोळ्याचा धूर करण्याची जुनी चाल आहे. शेजाऱ्यांच्या खिडक्या असलेल्या आजच्या वस्तीत ती आम्ही सुचवीत नाही. गवताचे पातळ आच्छादन तेच काम भांडण न होता करते.

लावताना हात गारठतात, ह्यात शंका नाही. पहाटेऐवजी दुपारी तीननंतर लावावे. रोपासही ते बरे आणि सांध्यांसही. थांबा-पक्षातील पुष्कळांचा खरा विरोध ह्या गार मातीस आहे असा आम्हांस संशय येतो, आणि तो त्यांनी उघड बोलून दाखविला तर आम्ही आमच्या घरची पोरे मदतीस धाडू.

त्यांस आमचे एक आव्हान आहे. आपल्या वाफ्याच्या मधोमध एक काठी आडवी ठेवावी. काठीच्या ह्या बाजूस नाताळाच्या सुट्टीत, बारीक रोपांच्या दहा ओळी लावाव्या. त्याच रोपवाटिकेतील उरलेली रोपे थंडी ओसरू देऊन, आपल्या मनास येईल त्या मुहूर्तावर पलीकडच्या बाजूस लावावी. पाणी, खत, खुरपणी दोन्हीकडे सारखी. माना पडल्या की दोन्ही बाजूंचा कांदा वेगवेगळा काढून, पात छाटून, घरच्या तराजूत घालावा. डेंगळेही दोन्हीकडचे मोजावे. पलीकडचे पारडे जड झाले तर आम्ही ह्याच पानावर तसे छापून देऊ, आणि पुढील वर्षी शाल पांघरून रथसप्तमीची वाट पाहत बसू. आमच्या आत्याने तराजू आताच घासून ठेवला आहे.